मधमाशीची कंबर नेमकी कुठे?

मुंबईत उंच इमारतींच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लटकते आणि रात्री दिव्याकडे आलेल्या काही माश्या सकाळी खिडकीत मरून पडलेल्या असतात. त्यातली एखादी कामकरी माशी चिमट्याने उचला (मेलेल्या माशीचीही नांगी टोचते) आणि भिंगाखाली कंबरेमागची वलये मोजा. सहा भरतील. अळीच्या उदराला मात्र दहा खंड असतात. उरलेले चार कुठे गेले?

शोध अंड्यापासून घ्यावा लागतो. पुढचा तपशील मेलिफेराचा, म्हणजे युरोपीय मधमाशीचा आहे, कारण सर्वाधिक अभ्यास तिचाच झाला आहे. राणी पोळ्यातल्या घराच्या तळाशी सुमारे दीड मिलिमीटर लांबीचे अंडे उभे चिकटवते. चिकटलेले टोक शेपटीचे, मोकळे टोक डोक्याचे. सुरुवातीला आत पेशी नसतातच. बलकात फक्त केंद्रके दुप्पट-चौपट होत जातात, मग ती पृष्ठभागाशी येतात, प्रत्येकाभोवती पडदा धरतो आणि बलकावर पेशींचा एकेरी थर चढतो. याच थरावर शरीराचे खंड आखले जातात.

फळमाशीच्या भ्रूणात ही आखणी जवळजवळ एकदम होते. मधमाशीत खंडांच्या सीमा आखणाऱ्या एन्ग्रेल्ड या जनुकाच्या क्रियेचे पट्टे आधी डोक्याकडे उमटतात आणि मग क्रमाने मागे सरकतात. फळमाशीला डोक्याची बाजू दाखवणारे बायकॉइड जनुक तर मधमाशीकडे नाहीच. तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही ते सापडले नाही. तिच्यात ते काम ऑर्थोडेंटिकल आणि हंचबॅक ही जनुके करतात. डोके तयार करण्याचा मार्गही कीटकागणिक बदलतो, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. भ्रूणाच्या वक्षावर पायांचे कोंब फुटतात, तरी अंड्यातून निघणारी अळी बिनपायांची असते.

हे सारे साधारण तीन दिवसांत, 34 ते 35 अंश तापमानात उरकते. म्हणून मधपेटीतल्या पोळ्याच्या चौकटीत अंडी दिसली की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, हे मधपाळाला कळते. प्रयोगशाळेत अंडी वाया जातात ती बहुतेक कोरड्या हवेमुळे. त्यांना 90 ते 95 टक्के आर्द्रता लागते, 50 टक्क्यांखाली एकही फुटत नाही. मुंबईची दमट हवा बाहेर असली तरी एसीच्या खोलीत त्याचा उपयोग नाही, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो. चौकट उघडी ठेवू नका. उबवणी यंत्रात पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणाची बशी ठेवली की बंद जागेतली आर्द्रता 96-97 टक्क्यांवर टिकते. द्रावणाच्या तळाशी न विरघळलेले पोटॅशियम सल्फेट दिसत राहिले पाहिजे. ते संपले की आर्द्रतेचा भरवसा नाही.

आता चार खंडांचा हिशेब. आठवा आणि नववा शरीराच्या आत गेले, त्यांच्यापासूनच नांगीचे भाग बनतात. दहावा आक्रसून गुदद्वाराभोवती उरला. आणि पहिला? अळीची कोशावस्था होताना तो पुढे सरकून वक्षाला जोडला जातो. म्हणजे कंबर वक्ष आणि उदर यांच्यामध्ये नाही, ती उदराच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमध्ये आहे. पुन्हा भिंग घ्या. ज्याला आपण छाती म्हणतो तिच्या अगदी मागच्या उतारावर, दोन्ही बाजूंना एकेक श्वासरंध्र दिसेल. ते उदराच्या पहिल्या खंडाचे.