दहा वंश 'हरवले' म्हणजे नेमके काय झाले?

'अश्शूरांनी (आजच्या उत्तर इराकातले प्राचीन साम्राज्य) इस्राएलाचे दहा वंश उचलून नेले, ते कायमचे हरवले. आजचे यहुदी फक्त यहूदा वंशाचे' ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. अर्धी खरी आहे, म्हणूनच ती टिकली असावी.

प्राचीन इस्राएलाचे बारा वंश पुढे दोन राज्यांत विभागले: उत्तरेला दहा वंशांचे इस्राएल, दक्षिणेला यहूदा. इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेची राजधानी शोमरोन अश्शूरांपुढे पडली, हद्दपारीही झाली. पण किती जणांची? अश्शूरचा राजा सर्गोन स्वतःच्या शिलालेखात 27,290 लोक नेल्याचे मिरवतो. फुशारकीत राजे आकडा कमी सांगत नाहीत! हा आकडा शोमरोनपुरताच आहे आणि आधी उत्तरेकडच्या गालील भागातूनही लोक नेले होते, हे धरले तरी अख्खे राज्य रिकामे होत नाही. बरेच जण मागेच राहिले, काही दक्षिणेला यहूदाच्या राज्यात पळाले. त्याच सुमारास यहूदाची राजधानी यरुशलेम एकाएकी फुगली. त्या काळची, जवळजवळ सात मीटर रुंदीची तटबंदी आजही तिथे पाहायला मिळते.

खुद्द बायबल काय म्हणते? '2 राजे' या पुस्तकाचा 17 वा अध्याय वाचला तर सगळे संपल्यासारखे वाटते. पण 2 इतिहास 30 मध्ये यहूदाचा राजा हिज्कीया याच्या निमंत्रणावरून आशेर, मनश्शे, जबुलून वंशांतले लोक वल्हांडण सणाला यरुशलेमात येतात. लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना आशेर वंशाची. एस्तेरच्या पुस्तकातला मर्दखय 'यहुदी' म्हणवतो, पण वंशाने बन्यामिनी. यहूदाच्या राज्यात बन्यामीन आणि लेवी तर होतेच.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजालाही कोणी कोणी या दहा वंशांत बसवतात. नौगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. दहा वंशांशी नाते जोडणारा ठोस पुरावा मात्र नाही.