डोळा शार्प हवा, हे कधी ठरलं?
निसर्गछायाचित्राच्या तांत्रिक कसोट्यांची पार्श्वभूमी

हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, फ्लेमिंगो उतरले की छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडचे छायाचित्रकार पैठणची वाट धरतात आणि मग फोटोंवर चर्चा झडते. डोळा शार्प आहे का? पांढरी पिसं जळाली का, म्हणजे जास्त प्रकाशाने त्यांचा तपशील उडाला का? नॉइज (दाणेदारपणा) किती, क्रॉप (कडा कापणं) किती? हे प्रश्न सुरुवातीपासून असेच असावेत, असं वाटतं. खरं तर यातला जवळपास प्रत्येक प्रश्न त्या त्या काळातल्या साधनांच्या मर्यादेतून जन्मला. ती मर्यादा ओळखता आली, की फोटोतलं काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही हेही उमगतं.

या इतिहासाचा एक जुना धागा आपल्याच मुलखात आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये नेमलेले रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले. १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शंभर स्टिरिओ (खोली जाणवणाऱ्या जोडचित्रांच्या) छायाचित्रांच्या संग्रहात वास्तूंबरोबर निसर्गविषयक चित्रंही होती. तो ओल्या कोलोडियनचा जमाना. काचेवर लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर प्रकाश द्यायचा आणि तिथेच धुऊन घ्यायची. मराठवाड्याच्या उन्हात लेप सुकायला कितीसा वेळ लागणार! त्यात एक्सपोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देणं, काही सेकंदांचं. जिवंत जनावर तेवढं थांबत नाही. म्हणून त्या काळात कॅमेऱ्यापुढे प्राणी आला तो बहुधा शिकार झालेला. लेप सगळीकडे सारखा बसला का आणि सावलीतला तपशील उमटला का, एवढं पाहिलं की तांत्रिक परीक्षा संपत असे.

१८७१ नंतर कोरड्या प्लेट आल्या आणि काच आधी तयार करून रानात नेता येऊ लागली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचं छायाचित्र घेऊन पक्षीछायाचित्रणाला वळण दिलं. घरटं हलत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. त्याच सुमारास, १८९० मध्ये, हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिचा काळेपणा यांचं नातं मोजून मांडलं. तोवर अंदाजाने चालणारं एक्सपोजर त्यामुळे मोजमापाचा विषय झालं. जळालेले हायलाइट (उजळ भाग) आणि बुडालेल्या सावल्या याबद्दल आज आपण जे बोलतो, त्याची मुळं त्या आलेखात आहेत.

पण छायाचित्रस्पर्धांच्या आजच्या परीक्षकांची भाषा घडवली ती रंगीत स्लाइडने, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक फिल्मने. ३५ मिमी कोडाक्रोम १९३६ मध्ये आली आणि १९९० मध्ये आलेली फुजीची व्हेल्व्हिया निसर्गछायाचित्रकारांची लाडकी झाली. स्लाइडला प्रिंटसारखा दुसरा टप्पा नव्हता. टिपलं तेच पडद्यावर जायचं, त्यामुळे एक्सपोजर अर्ध्या स्टॉपनेही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकलं तरी दिसायचं. काळविटाचा नर डोळ्यासमोर आणा. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, भोवती उन्हाळ्यातलं पिवळं पडलेलं गायरान. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर या सगळ्याला मध्यम करडं मानून आकडा देतो. काळ्या पाठीवर मोजलं तर पोट पार जळायचं. म्हणून पांढरं सांभाळायचं आणि काळ्यातला थोडा तपशील सोडून द्यायचा, हा नियम स्लाइडवाल्यांनी पाळला आणि परीक्षकांनी उचलला.

शार्प डोळ्याचा आग्रहही तिथलाच. व्हेल्व्हियाचा वेग, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, फक्त आयएसओ ५०. सकाळच्या कोवळ्या उन्हात एफ/५.६ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) शटरला साधारण १/१०० सेकंद मिळायचा, तर ४०० मिमी लेन्स न हलता हातात धरायला किमान १/४०० हवा. डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमध्ये येणारी खोली) इतकी कमी की चोच आणि डोळा एकाच वेळी फोकसमध्ये येणं मुश्कील. अशात ट्रायपॉड लावून डोळा साधणं हेच कसब होतं आणि त्याला गुण मिळणं रास्तच होतं. आज आयएसओ १६०० वर त्याच उजेडात १/३२०० मिळतो. १९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ऑटोफोकस रुळवलं, आता कॅमेरे स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधतात. माझ्या मते डोळा शार्प असणं आता पात्रतेची अट आहे. गुण द्यायचे तर उजेड, क्षण आणि अंतर यांना द्यावेत.

आपल्याकडे अंतराचा प्रश्न तर फारच मोठा. जायकवाडीच्या बांधकामाची पायाभरणी १९६५ ची, १९७६ मध्ये धरण लोकार्पण झालं, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. जलाशय पसरट, काठ उथळ आणि चिखलाचे. फ्लेमिंगोंचा थवा काठापासून लांब चरतो. ऊन चढलं की गाळ आणि पाणी यांच्यावरची हवा थरथरते आणि लांब लेन्समध्ये पक्ष्यांचे पाय नागमोडी येतात. असा फोटो मऊ दिसला की सरसकट ‘फोकस चुकला’ म्हटलं जातं, तिथे घोटाळा होतो. पूर्ण आकारात उघडून बघा. पक्ष्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल शार्प दिसत असेल, तर फोकस चुकलाय. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल, तर कॅमेरा हललाय. काठ स्वच्छ पण पंख पुसट असेल, तर शटरचा वेग कमी पडला. दिशा नाही, मऊपणा सगळीकडे आणि लागोपाठच्या प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा, तर ती हवेची करामत. पहिल्या तीन चुका पुढच्या खेपेला सेटिंग बदलून टाळता येतात. चौथीवर महाग लेन्सही उपाय नाही. सूर्य उगवताना पोचावं लागतं किंवा पक्षी जवळ येईपर्यंत थांबावं लागतं. पक्ष्यांना उठवून जवळ आणणं हा उपाय नव्हेच.

१९९९ मध्ये निकॉनचा डी१ हा डिजिटल कॅमेरा आला आणि कसोट्या पुन्हा सरकल्या. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) कॅमेऱ्याच्या पाठीवरच दिसू लागला, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमधून) सावल्या उचलता येऊ लागल्या. काळविटाची काळी पाठ आता बरीचशी परत मिळते, पांढरं एकदा उडालं की मात्र गेलंच, म्हणून स्लाइडवाल्यांचा नियम इथे टिकून राहिला. त्याबरोबर नवे दोषही आले: सावल्या जास्त उचलल्या की रंगीत नॉइज, शार्पनिंग अति झालं की कडेला पांढरी रेघ.

मग विश्वासाचा प्रश्न आला. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेत २००९ च्या विजेत्या फोटोतला लांडगा पाळीव असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झाल्यावर तो फोटो २०१० मध्ये अपात्र ठरला. २०१४ मध्ये अमेरिकेची पीएसए आणि ब्रिटनची आरपीएस या छायाचित्रण संस्था आणि त्यांच्याच क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप यांनी निसर्गछायाचित्राची सामायिक व्याख्या स्वीकारली. क्रॉप आणि उजेडाची दुरुस्ती चालेल, मूळ दृश्यात भर घालणं वा त्यातून काही पुसणं चालणार नाही, असा तिचा गाभा. त्यामुळे अंतिम फेरीत रॉ फाइल मागण्याला वजन आलं. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढणारी साधनं आली आहेत. ती जोरात वापरली तर लांबच्या पक्ष्याच्या अंगावर त्याची नसलेली पिसंही रेखली जातात. स्थानिक स्पर्धांनीही आता निवडक फोटोंची रॉ फाइल शेजारी उघडून पाहावी आणि पिसं दोन्हीकडे जुळतात का, ते तपासावं.