ग्रॅव्हल बाइक की टूरिंग सायकल: भोकं मोजू नका, दाते मोजा

तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह घेऊन महिनाभराच्या सफरीला निघायचंय, ग्रॅव्हल बाइक चालेल का? या प्रश्नाला हमखास एकच उत्तर मिळतं: "रॅक लावायला भोकं आहेत ना? मग झाली टूरिंग सायकल." हे उत्तर ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. भोकं असली की रॅक बसतो, इतकंच. बसवलेलं ओझं चढावर कसं न्यायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, रुंद टायरची रोड सायकल. सामान लादून लांब फिरण्यासाठी बनवलेली टूरिंग सायकल फोटोत तिची बहीणच वाटते. हँडल कोणत्या आकाराचं, ब्रेक डिस्कचे की रिमचे, यावर रात्री जागवू नका. दोन्हींवर लोक निवांत फिरतात. "स्टीलच हवं, कुठेही वेल्ड होतं" हेही पुरे झालं. वाटेत त्रास देतात ते रॅकचे ढिले बोल्ट आणि तुटलेले स्पोक, फ्रेम क्वचितच.

खरी गोम सगळ्यात हलक्या गिअरमध्ये आहे. पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दात्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. पुढे एकच चेनरिंग असलेल्या ग्रॅव्हल बाइकवर 40 आणि 42 ही जोडी सर्रास दिसते: उत्तर 0.95. पुढे तीन चेनरिंग असलेल्या टूरिंग सायकलवर 26 आणि 36 असतील, तर 0.72. चाळीस मिलिमीटर टायरच्या चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात पहिली सायकल 2.1 मीटर पुढे जाते, दुसरी 1.6 मीटर.

अर्धा मीटर किरकोळ वाटतो, म्हणून चढावर घालून बघू. आठ टक्क्यांचा चढ, 70 किलोचा माणूस, मिनिटाला 60 फेरे. दहा किलोची ग्रॅव्हल बाइक रिकामी असेल तर सुमारे 140 वॉट लागतात. दुकानाबाहेर फेरी मारताना तुम्ही हीच अवस्था अनुभवता आणि खूश होऊन पैसे मोजता. आता तिच्यावर 25 किलो सामान चढवा: आकडा 190 च्या जवळ जातो. टूरिंग सायकल पाच किलोने जड धरली, तरी तेवढ्याच सामानासह 150 वॉटमध्ये भागतं. ती ताशी साडेसातऐवजी पावणेसहा किलोमीटरने चढेल, पण दिवसभर चढत राहील. "ही दोन किलोंनी हलकी आहे" म्हणून ग्रॅव्हल बाइक घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून बघावा.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो: "मग मी हळू चालवेन." हळू चालवा ना, पण त्याच गिअरमध्ये वेग कमी केला की पेडलचे फेरे कमी होतात; प्रत्येक फेऱ्यात लावायचा जोर तेवढाच राहतो. वरच्या हिशोबात तो टूरिंग सायकलीपेक्षा सव्वापट आहे. दीडशे वॉटवर राहायचं म्हटलं तर फेरे 50 च्या खाली येतात. असे दोन तास, मग दुसऱ्या दिवशी परत तसेच. दम लागला तर थांबून भरून निघतो. गुडघा दुखायला लागला की सफर तिथेच अडकते.

ग्रॅव्हल बाइक आधीच घरात असेल तर ती विकू नका, गिअर बदला. आहे त्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसत असेल तर लहान चेनरिंग हा सगळ्यात सोपा उपाय: 40 च्या जागी 34 लावली की 0.81. शिमानोच्या 12-स्पीड जीआरएक्समध्ये (ग्रॅव्हलसाठीचा गिअर संच, मागे 12 चकत्या) 10-51 कॅसेट, म्हणजे 10 ते 51 दात्यांच्या चकत्यांचा जुडगा, चालते; त्यावर 40 ची चेनरिंग असली तरी 0.78 मिळतं. जुन्या 11-स्पीड संचावर मात्र माउंटन बाइकचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नुसता आणून जोडू नका. रोड सायकलच्या शिफ्टरने (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीने) केबल ओढली जाते ती वेगळ्या मापात, गिअर नीट पडणार नाहीत. कॅम्पिंगच्या ओझ्याला माझी मर्यादा 0.75, म्हणजे वरच्या दोन उपायांपैकी एकटा पुरत नाही; 34 ची चेनरिंग आणि 51 ची चकती दोन्ही असतील तर 0.67 मिळतं. एवढ्या ओझ्यासाठी 0.75 च्या वरचा गिअर मी कुणालाही सुचवत नाही.

बाकीचे दोन फरक झटकन. ग्रॅव्हल बाइकची चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी) बहुधा 420 ते 435 मिमी असते, टूरिंगची 450 च्या पुढे. आखूड चेनस्टेवर मोठी पॅनियर (रॅकच्या बाजूला लटकणारी पिशवी) लावली की दर फेऱ्याला टाच तिच्यावर आपटते. रॅक मागे सरकवून टाच सुटते, पण वजन मागच्या आसाच्या पलीकडे जातं आणि हँडल डुलायला लागतं. चाकाचे स्पोकही मोजा: 25 किलो लादणार असाल तर मागे 36 हवेत, 24 वर भरवसा ठेवू नका.

सामान आठ-दहा किलोंत आटोपत असेल आणि तेही फ्रेमच्या व सीटच्या पिशव्यांत, तर बेलाशक ग्रॅव्हल बाइक घ्या. तिथे पॅनियरच नाही, त्यामुळे टाचेचा प्रश्न मिटतो आणि 0.81 सुद्धा पुरतं.