कारभारी थेट निवडावा की सभागृहातून? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ग्रामपंचायतीचे मतदान ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना मतदान यंत्रापाशी होणारा खोळंबा परिचयाचा असेल. सरपंचपदासाठी एक मत द्यायचे आणि मग प्रभागातल्या दोन-तीन सदस्यांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिकांवर आणखी तितकीच मते द्यायची, असा हा प्रकार असतो. एक बटण दाबून एखादे आजोबा वळले की केंद्रावरचा कर्मचारी ‘अजून मतं राहिल्यात’ म्हणून त्यांना परत बोलावतो. सरपंचाच्या मताची ही वेगळी पत्रिका 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. नगराध्यक्षपदाचेही असेच झाले. 2001 मध्ये थेट निवडणूक ठरली, 2006 मध्ये ती रद्द झाली, 2016 मध्ये पुन्हा आली, 2020 मध्ये पुन्हा गेली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. कोल्हापूरचा महापौर मात्र नगरसेवकच निवडत आले आहेत. सरकार बदलले की पद्धत बदलते, आणि त्यामागे तत्त्वाचा विचार किती व आपला गट कोणत्या पद्धतीत वर येतो याचा हिशेब किती, हे कोल्हापुरात सभा गाजवणाऱ्या बिंदू चौकातल्या श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही हा प्रश्न गावकीपुरता नाही. राज्यकर्ता लोकांनी थेट निवडावा की लोकांच्या प्रतिनिधींनी, याची उत्तरे लोकशाही देशांनी वेगवेगळी दिली आहेत, आणि जवळपास प्रत्येक उत्तरामागे त्या देशाने आधी सोसलेली एखादी अडचण आहे.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानपद कोणी ठरवून निर्माण केले नाही. 1721 पासून कारभार पाहणारे रॉबर्ट वॉल्पोल हे पहिले पंतप्रधान मानले जातात, पण त्या वेळी तसे पद कायद्यात नव्हते. राजाची मर्जी शाबूत असूनही 1742 मध्ये कॉमन्स सभागृहातले बहुमत हातचे गेल्यावर त्यांनी पद सोडले. सभागृहाचा पाठिंबा संपला की मंत्र्याने जायचे, हा संकेत अशा प्रसंगांतून हळूहळू पक्का होत गेला. सामान्य माणसाला मत मिळण्याच्या कितीतरी आधी मंत्री सभागृहाला जबाबदार झाले होते, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अमेरिकेने उलटी वाट धरली. 1787 मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींना राजा नको होता, पण सभागृहाच्या मुठीत राहणारा प्रमुखही नको होता. अध्यक्षाला विधिमंडळाने निवडावे, असा निर्णय त्या परिषदेत एकाहून अधिक वेळा झाला आणि अखेरीस मोडला, व राज्यवार नेमलेल्या निर्वाचकांनी अध्यक्ष निवडण्याची पद्धत स्वीकारली गेली. अमेरिकेत अध्यक्ष लोक थेट निवडतात, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते, ते म्हणूनच पूर्ण खरे नाही. आज 538 निर्वाचकांपैकी 270 ज्याच्या बाजूने, तो अध्यक्ष होतो. 2000 आणि 2016 मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार याच पद्धतीने निवडून आला. निवडून आलेल्या अध्यक्षाला चार वर्षे सहसा कोणी हलवू शकत नाही, कारण महाभियोगाखेरीज त्याला काढण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. याची दुसरी बाजू अशी की अध्यक्ष आणि काँग्रेस (तिथली संसद) यांचे जमले नाही तर दोघेही जागेवर राहतात आणि कारभार तेवढा अडतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने संघराज्याची अनेक कार्यालये 43 दिवस बंद राहिली. संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच पडते, आणि प्रश्न निदान कोणत्यातरी बाजूने सुटतो.

आपल्या संविधान सभेपुढे हे दोन्ही नमुने होते. त्या सभेत या भागातून देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार होते. शेजारच्या औंध संस्थानाने 1939 मध्येच ग्रामपंचायतींपासून वर चढत जाणारी स्वतःची राज्यघटना अमलात आणली होती, म्हणजे अप्रत्यक्ष निवडीचा प्रयोग दक्षिण महाराष्ट्राला नवा नव्हता. कोल्हापूरकरांना बाबासाहेब म्हटले की 1920 ची माणगाव परिषद आणि शाहू महाराज आठवतात. त्या परिषदेनंतर 28 वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1948 रोजी, बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडला आणि या प्रश्नाचे उत्तर फार नेमकेपणाने दिले. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेत स्थैर्यही हवे आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कोणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटनची जबाबदारी अधिक देते, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे. निवडणुकीतली झडती काही वर्षांनी एकदा होते. सभागृहात प्रश्न, ठराव आणि चर्चा यांतून ती रोज होते, आणि भारतासारख्या देशाला ही रोजची झडती अधिक उपयोगाची आहे, असा त्यामागचा विचार होता.

या युक्तिवादाचा कणा म्हणजे सभासदाला आपल्या सरकारविरुद्ध मत देता येण्याची शक्यता. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने घाऊक पक्षांतरांना लगाम घालण्याचा प्रयत्न केला, पण पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाईल अशी तरतूद करून ती शक्यताही आक्रसली. 1948 मध्ये कल्पिलेली रोजची झडती त्यामुळे बोथट झाली, असे माझे मत आहे. स्थैर्यही त्यातून हमखास आले नाही. अप्रत्यक्ष निवडीची खालच्या पातळीवर काय गत होते, हे कोल्हापूर महापालिकेने दाखवले आहे. अडीच वर्षांचे महापौरपद इच्छुकांत वाटून द्यायचे, ठरल्या तारखेला राजीनामा येतो की नाही याची वाट पाहायची आणि काही महिन्यांचे महापौर मोजत बसायचे, हे शहराने पुष्कळ वर्षे पाहिले.

जर्मनीने स्थैर्याचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत, सरकारे पाडण्यासाठी टोकाचे विरोधक एकत्र येत, पण नवे सरकार बनवणे त्यांना जमत नसे, आणि लोकांनी थेट निवडलेल्या अध्यक्षानेच जानेवारी 1933 मध्ये हिटलरला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमले. म्हणून 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या नव्या घटनेने, अध्यक्षाची थेट निवडणूक काढून टाकली आणि 67 व्या कलमात अट घातली की नव्या चान्सलरची निवड केल्याशिवाय जुन्याला हटवता येणार नाही. या कलमाखाली आजवर दोनच ठराव आले. 1972 मध्ये विली ब्रांट थोडक्यात बचावले आणि 1982 मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले. आधी पर्याय दाखवा, मग पाडा, ही अट आपल्याकडच्या कितीतरी सभागृहांना उपयोगी पडली असती.

फ्रान्समध्ये 1946 ते 1958 या बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे झाली. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाच्या पेचात युद्धकाळातले नेते द गॉल सत्तेवर परतले, 1958 मध्ये नवी घटना आली, 1962 मध्ये सार्वमताने अध्यक्षाची थेट निवडणूक मंजूर झाली आणि 1965 मध्ये ती पहिल्यांदा झाली. पण संसदेला जबाबदार असा पंतप्रधानही त्यांनी ठेवलाच. 1986 मध्ये अध्यक्ष मित्तराँ डावे आणि संसदेतल्या बहुमतामुळे पंतप्रधान झालेले शिराक उजवे, अशी जोडी जमली आणि दोघांना एका घरात नांदावे लागले. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असलेल्या गावात जे होते, त्याचेच हे मोठे रूप. आपल्याकडे थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन-चतुर्थांश सदस्यांच्या ठरावानंतर ग्रामसभेचीही मान्यता लागते. सरपंच त्यामुळे टिकतो. मासिक सभेत विषय मंजूर होतातच असे नाही.

थेट निवडीचा सर्वांत बोलका अनुभव इस्राएलचा आहे, आणि आपल्या वादात तो क्वचितच निघतो. लहान पक्षांच्या सौदेबाजीला कंटाळून तिथल्या संसदेने 1992 मध्ये पंतप्रधान थेट निवडण्याचा कायदा केला. मतदाराच्या हातात दोन मते आली, एक पंतप्रधानासाठी आणि एक पक्षासाठी. कारभारी तर मोठ्या पक्षाचा निवडलाच आहे, तेव्हा दुसरे मत आपल्या छोट्या गटाला द्यावे, असा विचार मतदारांनी केला, आणि तो चुकीचाही नव्हता. 1992 मध्ये दोन मोठ्या पक्षांकडे 120 पैकी मिळून 76 जागा होत्या. 1999 मध्ये 45 उरल्या. ज्या सौदेबाजीवर उपाय म्हणून कायदा आला, तीच वाढली, आणि 2001 मध्ये संसदेने तो रद्द केला.

कारभारी कसा निवडला जातो, याइतकेच मते कशी मोजली जातात यालाही महत्त्व आहे. जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी कोल्हापूरचेच दोन उमेदवार समोरासमोर होते. पहिल्या पसंतीची मते संजय पवार यांना 33 आणि धनंजय महाडिक यांना 27 मिळाली, तरी निवडून आले महाडिक. विजयाचा कोटा सुमारे 41 मतांचा होता, आणि भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांची कोट्यावरची शिल्लक मते दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. अनेकांना त्या रात्री हा चमत्कार वाटला, पण गणित साधे होते.

हीच पसंतीक्रमाची पद्धत आयर्लंडमध्ये सामान्य मतदार खालच्या सभागृहासाठी वापरतो. तिथे एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जातात, मतदार एकाच पत्रिकेवर 1, 2, 3 असे क्रम लिहितो आणि जागा साधारणपणे मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. आपल्या बहुसदस्यीय प्रभागात वरवर तेच दिसते, पण प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते, त्यामुळे 40 टक्के मतांचे पॅनेल चारही जागा घेऊन जाऊ शकते. आयर्लंडमधल्या सत्ताधारी पक्षालाही आपल्याला सोयीची साधी बहुमताची पद्धत हवी होती. ती घटनेत बदल केल्याशिवाय आणता येत नव्हती आणि घटनेत बदल करायचा तर सार्वमत घ्यावे लागत होते. ते 1959 मध्ये घेतले, पुन्हा 1968 मध्ये घेतले. दोन्ही वेळा मतदारांनी ‘नाही’ म्हटले.