रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापुरातील आमच्या औषध दुकानातून दरमहा वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारोल नेणारे ग्राहक आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. हृदयाची झडप बदललेली असणे, ठोके अनियमित असणे, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली असणे, अशा कारणांनी ही गोळी दिलेली असते. आणि ती घेणाऱ्यांपैकी बरेच जण साठीच्या पुढचे असल्यामुळे त्याच पिशवीत कॅल्शियम, डी-३, बी-१२ किंवा नुसतीच ‘ताकदीची’ म्हणून कोणी सांगितलेली एखादी गोळीही असते. ही गोळी त्या गोळीबरोबर चालेल का, हा प्रश्न काउंटरवर गर्दीच्या वेळी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही घाईतच दिले जाते. म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे.

गोळी नेमके काय करते

‘रक्त पातळ करणारी’ हे नाव बोलायला सोपे आहे, पण या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, तर ते गोठण्यास लागणारा वेळ वाढतो. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतात तयार होतात आणि त्यांपैकी दोन, सात, नऊ व दहा या क्रमांकांनी ओळखले जाणारे घटक कामाला येण्यासाठी व्हिटॅमिन के लागते. (या व्हिटॅमिनच्या नावातील ‘के’ हे अक्षरच मुळी रक्त गोठण्याच्या क्रियेला असलेल्या युरोपीय शब्दावरून आले, ते शोधणारे डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांना १९४३ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) एकदा वापरले गेलेले के शरीर पुन्हा वापरण्याजोगे करून घेत असते. वॉरफरिन व ॲसेनोकुमारोल हीच दुरुस्ती अडवतात, त्यामुळे के कमी पडते आणि रक्त उशिरा गोठते. बाहेरून के जास्त मिळाले, तर गोळीचा परिणाम तेवढा उतरतो.

हा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीतून कळतो. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ मध्ये ठेवला जातो आणि डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारणपणे २.५ ते ३.५ मध्ये. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. खाली गेलेला आकडा बाहेरून काहीच जाणवू देत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे.

आमच्याकडून झालेली एक चूक

झडप बदललेल्या एका मावशी बऱ्याच वर्षांपासून आमच्याकडून ॲसेनोकुमारोल नेतात. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी एकदा हाडांसाठी कॅल्शियमची गोळी मागितली आणि आम्ही समोर होती ती दिली. पुढच्या तपासणीत त्यांचा आयएनआर २.७ वरून १.६ वर आला होता. गोळी चुकली नव्हती, जेवण बदलले नव्हते. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या घेऊन येण्यास सांगितले तेव्हा कॅल्शियमच्या स्ट्रिपमागे बारीक अक्षरांत के-२-७, म्हणजे व्हिटॅमिन के चाच एक प्रकार, सापडले. पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत फक्त कॅल्शियम आणि डी-३ होते. मावशींना काही झाले नाही. पण देण्यापूर्वी स्ट्रिप उलटून पाहणे हे आमचे काम होते आणि ते राहून गेले.

हाडांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आता के-२ घातलेले असते. घटकांच्या यादीत ते ‘व्हिटॅमिन के-२-७’, ‘मेनाक्विनोन-७’ किंवा ‘एमके-७’ अशा नावाने येते. हा प्रकार शरीरात बराच काळ टिकून राहतो, म्हणून रोजची मात्रा काही मायक्रोग्रॅमच असली तरी तिचा परिणाम साठत जातो. मल्टिव्हिटॅमिनच्या काही गोळ्यांत के-१ हा व्हिटॅमिन के चा दुसरा प्रकार असतो. ज्यांच्या जेवणात मुळातच पालेभाजी कमी असते, त्यांचा आकडा रोजच्या २५ मायक्रोग्रॅमनेही खाली आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

याची उलट बाजू तितकीच महत्त्वाची आहे. के असलेली गोळी आपण वर्षभर घेत असाल आणि डॉक्टरांनी त्याच हिशेबाने वॉरफरिनची मात्रा बसवलेली असेल, तर हे पत्रक वाचून ती गोळी एकदम बंद करू नये. तसे केल्यास आकडा वर जाईल. सुरू करणे असो वा थांबवणे, डॉक्टरांना आधी सांगावे आणि पुढची आयएनआर तपासणी कधी करायची ते विचारून घ्यावे.

इतर गोळ्यांविषयी

व्हिटॅमिन ई ची ४०० युनिटची कॅप्सूल पायात गोळे येतात म्हणून किंवा त्वचेसाठी सर्रास मागितली जाते. मोठ्या मात्रेत ई हे के च्या कामात अडथळा आणते आणि रक्तातील चकत्यांचे (प्लेटलेट्सचे) चिकटणेही कमी करते, म्हणजे रक्तस्रावाकडे झुकवते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना ही कॅप्सूल आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. ग्राहक रागावले तरी चालेल. गुडघेदुखीच्या पुड्यांत असणारे ग्लुकोसामाइन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीचा व लसणाचा अर्क भरलेल्या कॅप्सूल यांनाही हाच नियम लागू. भाजीतील हळद आणि फोडणीतला लसूण याची काळजी करण्याचे कारण नाही. प्रश्न अर्काच्या मात्रेचा आहे.

डी-३ आणि बी-१२ यांचा गोळीच्या परिणामाशी थेट झगडा नाही. मात्र ६०,००० युनिटची डी-३ ची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती चुकून रोज घेऊ नये. बी-१२ चे इंजेक्शन कमरेत किंवा दंडात घेण्यापूर्वी टोचणाऱ्याला आपली गोळी अवश्य सांगावी, कारण स्नायूत रक्त साचून मोठी गाठ येऊ शकते. इंजेक्शनऐवजी पोटातून घेण्याची गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

लोहाच्या गोळीची अडचण वेगळीच आहे. तिने शौचाचा रंग काळपट होतो आणि पोटातील रक्तस्रावाची खूणही काळी शौच हीच असते. त्यामुळे ‘लोहामुळे असेल’ असे म्हणून खरी खूण दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. शौच डांबरासारखी चिकट व उग्र वासाची असेल, चक्कर किंवा धाप असेल, तर कारण घरी ठरवत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नाकातून किंवा हिरड्यांतून थांबत नसलेले रक्त, लघवीत रक्त, कारण नसताना उमटणारे मोठे काळेनिळे डाग, आणि डोक्याला लागलेला मार, मग तो वरून किरकोळ का दिसेना, यांनाही हेच लागू.

ताटातील के

पालेभाजी बंद करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. मेथी, पालक, चाकवत, शेपू यांत के भरपूर असते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम भरते. पण आठवड्याला जेवढी भाजी होते तेवढीच होत राहिली, तर डॉक्टर मात्रा त्याप्रमाणे बसवतात. गडबड होते ती अचानक बदलल्यावर: कोणीतरी सांगितले म्हणून सकाळी गव्हांकुराचा रस किंवा शेवग्याच्या पानांची पावडर सुरू करणे, अथवा सलग उपवासांमुळे भाजी पूर्ण सुटणे. भोगीच्या एका दिवसाच्या भाजीने घाबरून जाण्याचे कारण नाही. भाकरी आणि शेंगाचटणी तर निर्धास्त खावी, शेंगदाण्यात के जवळजवळ नसतेच. तेलाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते: शेंगतेलात के नगण्य असते आणि करडईतेलात थोडे, तर सोयाबीन तेलात १०० ग्रॅमला सुमारे १८० मायक्रोग्रॅम असते. घरातील तेल कायमचे बदलले असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

नव्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी

ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या के च्या वाटेने काम करत नाहीत. त्यांना पालेभाजीचे किंवा के-२ चे बंधन नाही आणि त्यांच्यासाठी आयएनआर तपासण्याचाही उपयोग नाही. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांचेही के शी देणेघेणे नाही. परंतु ई, माशाचे तेल आणि अर्कांच्या कॅप्सूल यांविषयी वर लिहिलेली काळजी यांनाही लागू आहे.

दुकानात येताना

कृपया घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून आणाव्यात. मुलांनी पुण्या-मुंबईहून पाठवलेले डबे आणि वैद्यांकडील पुड्याही त्यांत असाव्यात. घटकांची यादी आम्ही वाचून दाखवू आणि के, ई किंवा ग्लुकोसामाइन आढळल्यास ते कागदावर लिहून देऊ. तो कागद डॉक्टरांना दाखवावा. मात्रा कमी-जास्त करण्याचा निर्णय त्यांचाच राहील, तो आम्ही सांगणार नाही. याचे पैसे घेतले जात नाहीत, फक्त सायंकाळच्या गर्दीऐवजी दुपारी यावे. एक विनंती अशी की, दहाऐवजी चारच गोळ्या हव्या असतील तेव्हा कापून दिलेल्या तुकड्यावर घटकांची यादी येतेच असे नाही. अशा वेळी उरलेल्या स्ट्रिपवरील नाव व घटक आमच्याकडून पावतीच्या मागे लिहून घ्यावेत आणि गोळ्या संपेपर्यंत ती पावती जपून ठेवावी.