२७६ नंबरच्या ग्लुटामेटने कूस बदलली की…

फ्लू झाला की अँटिबायोटिक मागण्याची सवय अजून जात नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. विषाणूला अडवायचे तर त्याचाच एखादा अवयव पकडावा लागतो. फ्लूच्या बाबतीत तो अवयव म्हणजे न्यूरामिनिडेज हे विकर (एन्झाइम). पेशीतून बाहेर पडणारे नवे विषाणू तिच्या पृष्ठभागावरच्या सायॅलिक आम्ल या शर्करेला चिकटून राहतात. न्यूरामिनिडेज ते आम्ल कापते आणि विषाणू सुटतात. ही कात्री बंद पडली तर ते तिथेच अडकतात.

१९८३ मध्ये व्हर्गीस, लेव्हर आणि कोलमन यांनी ऑस्ट्रेलियात स्फटिकावर क्ष-किरण टाकून या विकराची रचना उलगडली. चार सारखे घटक, प्रत्येक सहा पात्यांच्या पंख्यासारखा, मधोमध खोल खाच. विषाणूचे बाहेरचे रूप सतत बदलते, खाचेतली अमिनो आम्ले मात्र जवळपास तशीच राहतात.

खाचेतली आर्जिनिन नावाची तीन अमिनो आम्ले सायॅलिक आम्लाचा ऋणभारित कार्बॉक्सिल गट धरतात. डाना हा तशाच घडणीचा रेणू तिथे बसत असे, पण पकड ढिली. त्याच्या चौथ्या कार्बनजवळ ग्लुटामेट ही ऋणभारित अमिनो आम्ले होती, म्हणून तिथे धनभारित ग्वानिडीन गट जोडला. पकड हजारो पटींनी वाढली. हे झानामिविर नावाचे औषध. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, म्हणून भुकटी श्वासातून ओढावी लागते.

ओसेल्टामिविर हे दुसरे औषध पोटातून घेता येते. त्यात झानामिविरच्या ग्लिसरॉल शेपटीऐवजी तेलकट पेंटिल गट आहे. गंमत अशी, की या गटासाठी खाचेत आयती जागाच नसते! विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीतले २७६ नंबरचे ग्लुटामेट कूस बदलते, २२४ नंबरच्या आर्जिनिनशी जोडी जमवते, तेव्हा कुठे जागा होते. रिकाम्या विकराच्या चित्रात ही जागा दिसत नाही. औषध बसलेला स्फटिकच तपासावा लागतो. ‘संगणकाने औषध शोधले’ अशा बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावे.

मोठ्यांसाठी ओसेल्टामिविरची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सुरुवात लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत. त्यानंतर विषाणूंची वाढ ओसरू लागलेली असते.

विषाणूने नेमके ते वळणच अडवले. २७४ नंबरच्या हिस्टिडीनच्या जागी आडमाप टायरोसीन आले, ग्लुटामेटला वळायला वाव उरला नाही आणि पेंटिल गट बाहेर ढकलला गेला. २००७-०८ पासून हंगामी एच१एन१ या फ्लूच्या प्रकारात हा बदल झपाट्याने पसरला. झानामिविरच्या ग्लिसरॉलला मात्र ते ग्लुटामेट मूळ जागीच हवे असते, त्यामुळे त्याच विषाणूवर ते चालत राहिले.