ओल्डहॅमचे पणजोबा: इंग्लंडच्या उत्तरेतले जुने दाखले कसे मागवायचे

आपल्याकडे जुनी नोंद मागायला गेलं की खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, "तुम्ही त्यांचे कोण?" इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारतच नाहीत. जन्म, लग्न किंवा मृत्यूच्या नोंदीची प्रत कोणीही, कोणाचीही मागू शकतो. नात्याचा पुरावा लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही, पुण्यात बसून अर्ज केला तरी चालतो. नोंद गेल्या ५० वर्षांतली असेल तरच तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं असा नेमका तपशील द्यावा लागतो.

मग अडतं कुठे? उत्तर इंग्लंडच्या लँकेशायर जिल्ह्यात, ओल्डहॅम त्यातलंच एक गाव, एकाच नावाचे ढीगभर लोक होते. त्यातले आपले कोण, हे अर्जदारानेच ठरवायचं. निवड चुकली तर दाखला अस्सल येतो, पण पणजोबा दुसऱ्याचे निघतात.

इंग्लंड आणि वेल्समधली सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिचं मुख्य कार्यालय, जनरल रजिस्टर ऑफिस, साउथपोर्टला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की जन्म आणि मृत्यूची सूची फुकट पाहता येते. जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं. माझ्या मते सगळ्या शोधात याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण दोन जॉन टेलर वेगळे करायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. लग्नं या सूचीत नाहीत. त्यासाठी स्वयंसेवकांनी उभारलेली फ्रीबीएमडी ही सूची पाहावी.

सापडलेल्या नोंदीचं वर्ष, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान लिहून घ्या. १८५२ नंतरच्या जवळपास शंभर वर्षांत खंडाचा आकडाच प्रदेश सांगतो: ८ म्हणजे लँकेशायर-चेशायर, ९ म्हणजे यॉर्कशायर, १० म्हणजे डरहॅम आणि त्यापलीकडची उत्तर. तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुभा होती, त्यामुळे डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत (जानेवारी ते मार्च) सापडू शकतं. स्थानिक नोंदणी कार्यालयांच्या सूच्यांमधले क्रमांक वेगळे असतात. ते साउथपोर्टला चालत नाहीत आणि साउथपोर्टचे तिकडे चालत नाहीत.

२०२४ च्या दरवाढीनंतर कागदी दाखला १२.५० पौंडांना, पीडीएफ ८ पौंडांना आणि नोंदीची डिजिटल प्रतिमा ३ पौंडांना मिळू लागली. प्रतिमा फक्त १०० वर्षांहून जुन्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची मिळते. घरच्या शोधाला ती पुरेशी आहे, कायदेशीर कामाला मात्र कागदी दाखलाच लागतो. असं एक काम आपल्या लोकांच्याही उपयोगाचं आहे. आजी किंवा आजोबांचा जन्म ब्रिटनमधला असेल, तर भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, तिथल्या 'अँसेस्ट्री' (वंशावरून मिळणाऱ्या) व्हिसासाठी अर्ज करता येतो. वय किमान १७ हवं आणि तिथे काम करायची तयारी हवी. स्वतःचा, आई किंवा वडिलांचा आणि त्या आजी-आजोबांचा, असे तिन्ही पिढ्यांचे जन्मदाखले जोडावे लागतात. आडनाव बदललं असेल तर लग्नाचा दाखलाही लागतो. पणजोबांवर हा व्हिसा मिळत नाही.

निवड पक्की करायला जनगणना पाहा. १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या जनगणनांत घरातल्या माणसांची नावं सापडतात. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं मात्र बहुधा पाचाच्या खालच्या पटीत आणून लिहिली आहेत. १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही बऱ्यापैकी भरून काढते.

१८३७ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. बहुतेक ठिकाणी बाप्तिस्म्याची नोंद जेमतेम एका ओळीची, पण उत्तरेत नशीब उघडू शकतं. यॉर्कचे पाद्री विल्यम डेड यांनी १७७० च्या दशकात सविस्तर नोंदींची पद्धत घालून दिली, आणि यॉर्कशायरच्या अनेक वह्यांत बाळाचे दोन्हीकडचे आजी-आजोबाही सापडतात. बिशप बॅरिंग्टन यांच्यामुळे डरहॅम-नॉर्थम्बरलंडमध्ये १७९८ ते १८१२ या काळात आईचं माहेर आणि आईवडिलांचं मूळ गावही लिहिलं जाई. १८१३ पासून देशभर छापील नमुना आला आणि ही चंगळ संपली.

मूळ वह्या पाहायच्या तर जिल्हा अभिलेखागारात जावं लागतं. अनेक ठिकाणी 'आर्काइव्ह्ज कार्ड' हे वाचकांचं मोफत ओळखपत्र चालतं. नाव-पत्त्याचा पुरावा न्यावा, आणि पेन्सिलही, कारण पेन आत नेऊ देत नाहीत. १९७४ मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या हे ध्यानात ठेवा: बॅरो हे गाव तोवर लँकेशायरमध्ये होतं, आता त्याची दप्तरं कम्ब्रियाकडे आहेत. सॅडलवर्थ तर यॉर्कशायरमधून निघून ओल्डहॅमला जोडलं गेलं.

आणि तुमचे पणजोबा मुंबईत येऊन इथल्या चर्चमध्ये लग्न करून बसले असतील, तर ती नोंद साउथपोर्टला शोधू नका. कंपनी आणि ब्रिटिश राजवटीच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.